हमी कोणाची? : यहुदी स्नेह्यांकडे खाऊ नेणाऱ्यांसाठी

यहुदी स्नेह्यांकडे सणासमारंभाला खाण्याची भेट नेताना काय पाहावे आणि कशावर विसंबू नये, याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात येऊन बरेच दिवस झाले. परंतु राग निवेपर्यंत लेखणी हाती धरू नये असा माझा आजवरचा दंडक असल्यामुळे मी थांबलो होतो. राग निवलेला नाही. ज्या दुकानदाराने माझ्याकडून पुरते पैसे मोजून घेतले आणि मला माझ्या बालमित्राच्या घरात, त्याच्या जावयासमोर, मान खाली घालावयास लावली, त्याच्या दुकानात त्याच सोनेरी चिठ्ठ्या लावलेल्या टोपल्या आजही ओळीने मांडलेल्या आहेत, हे परवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर थांबण्यात काही अर्थ उरला नाही. शिवाय आमच्या ओळखीच्या मंडळींत ‘यांनी आधी नीट चौकशी करायला हवी होती’ असे बोलले जाते, तेही माझ्या कानावर आले आहे. चौकशी मी केली होती. ती कोणाकडे केली, कोणत्या शब्दांत केली आणि तिला उत्तर काय मिळाले, ही सारी कैफियत पुढे येईलच.

माझा मित्र बेने इस्राएल या कोकणी यहुदी समाजातला, अलिबागेच्या इस्राएल आळीतला. आमचे घर त्या आळीपासून हाकेच्या अंतरावर होते, आणि दोन्ही घरांत ताटांची ये-जा कधी सुरू झाली हे सांगू शकेल असे माणूस आता दोन्हीकडे उरलेले नाही. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात जोडप्यांची कथा आणि तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून पडलेले ‘शनिवार तेली’ हे नाव कुलाबा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. परंतु एक आख्यायिका येथे मुद्दाम नमूद करतो, कारण प्रस्तुत विषयाशी तिचा थेट संबंध आहे. दावीद राहाबी नावाचा यहुदी गृहस्थ कोकणात आला आणि हे लोक आपल्याच धर्माचे आहेत की काय, याची त्याला खातरजमा करावयाची होती. ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हते, हिब्रू भाषा ते विसरलेले होते. तेव्हा त्याने तेथल्या स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींची मासळी ठेवून ती रांधावयास सांगितली, आणि त्यांनी पर व खवले असलेली मासळी तेवढी निवडून घेतली, बाकीची बाजूस सारली. पुष्कळ काही विस्मरणात गेल्यावरही ज्या समाजाने काय खावे आणि काय खाऊ नये एवढे विसरले नाही, त्या समाजाच्या घरी आपण खाण्याची भेट नेतो आहोत, हे भान बाळगूनच मी त्या दुकानाची पायरी चढलो होतो.

प्रसंग रोश हशानाचा, म्हणजे त्यांच्या नववर्षाचा, जो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो. मित्र आता ठाण्यात राहतो. त्याची कन्या लग्नानंतर इस्राएलातील अश्दोद येथे स्थायिक झालेली. ती, तिचे यजमान आणि मुले सणासाठी यावयाची होती. जावई तिकडेच जन्मलेला, आईबाप मूळचे कोकणातले, घरी कानावर पडलेले मराठी मोडकेतोडके बोलणारा, आणि आहारधर्माच्या बाबतीत अत्यंत काटेकोर, असे मित्राने आधीच सांगितले होते. माझ्या पत्नीने करंज्या करावयास घेतल्या, तेव्हा मीच तिला म्हटले, की या खेपेस घरचे काही नको. रीतसर कोशेर, म्हणजे त्यांच्या आहारधर्माला मान्य, म्हणून मिळते ते विकत आणू, म्हणजे त्या मुलाला संकोच पडणार नाही. हे मी का सांगतो, तर ‘त्यांना काय कळतंय त्यातलं’ असे माझ्याविषयी म्हणणाऱ्यांना एवढे तरी कळावे.

मुंबईत परदेशी व उंची खाद्यवस्तू विकणारे एक दुकान आहे. त्याचे नाव मी देत नाही. तेथे वेताची सुबक टोपली, तीत चीजचा डबा, द्राक्षरसाची बाटली, चॉकलेटे, परदेशी बिस्किटांचा डबा, सेलोफेनमध्ये बांधलेले भाजके बदाम, मधाची बरणी, आणि प्रत्येक वस्तूवर ‘कोशेर’ असे छापलेली षट्कोणी ताऱ्याची सोनेरी चिठ्ठी, असा थाट होता. मी काउंटरवरच्या गृहस्थास विचारले, यातील प्रत्येक वस्तू कोशेर आहे काय? ‘शंभर टक्के, साहेब.’ दाखला कोणाचा आहे? ‘सगळी कागदपत्रं आहेत आमच्याकडे, मागाल तेव्हा दाखवू.’ माझी उभी नोकरी नोंदणीच्या कचेरीत दस्तऐवज हाताळण्यात गेलेली असल्यामुळे तोंडी हमीवर मी समाधान मानले नाही; पावतीवर तसे लिहून द्या म्हणालो. त्याने हसून ‘कोशेर भेट-टोपली, नग एक’ असे लिहून, सही-शिक्का करून दिले. याहून अधिक चौकशी सामान्य गिऱ्हाइकाने कोणती करावयाची असते, हे मला कोणी तरी सांगावे.

सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी, सूर्यास्ताला बराच अवकाश असताना मी ती टोपली घेऊन गेलो. वहिनी हलव्याच्या थाळ्यांपाशी होत्या. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून केलेला तो गुलाबी हलवा त्यांच्या नववर्षाचे खास पक्वान्न होय. जावयाने नमस्कार केला, टोपली दोन्ही हातांनी घेतली, टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढून तो ती उलटी करून पाहू लागला. प्रथम मला वाटले, कौतुकाने पाहतो आहे. चीजचा डबा त्याने खिडकीच्या उजेडात धरला, सोनेरी चिठ्ठीच्या कडेखाली अंगठ्याचे नख घातले आणि ती हळूच, एका बाजूने सोलीत आणली. खाली कारखानदाराचे मूळ छापील वेष्टण होते. घटकपदार्थांची यादी होती, हिरवा ठिपका होता, आणि कोणत्याही धर्ममंडळाची खूण म्हणून तेथे काही नव्हते. द्राक्षरसाच्या बाटलीचेही तसेच. चॉकलेटांचेही तसेच. बदामांच्या पुडीवर चिठ्ठीखेरीज काहीच छापलेले नव्हते. शेवटी त्याने बिस्किटांचा डबा घेतला, चिठ्ठी सोलली, आणि खाली खरोखरीची खूण निघाली: वर्तुळात कोंडलेले ‘यू’ हे रोमी अक्षर आणि त्याच्या शेजारी बारीक ‘डी’.

त्या क्षणी सगळा मामला माझ्या ध्यानात आला. दुकानदाराने बनावट चिठ्ठी खऱ्या खुणेवरच डकवली होती. खरी खूण कशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याची त्याला गरज वाटली नव्हती. एका छापखान्यातून चिठ्ठ्यांचे भेंडोळे आणून जे समोर आले त्यावर त्याने ती लावीत सुटावे, इतकाच त्याचा कोशेरशी संबंध. आणि ते ‘डी’ अक्षर दुग्धजन्य पदार्थाचे असते. मांसाहाराबरोबर आणि त्यानंतर पुष्कळ घरांत सहा तासांपर्यंत दूधदुभते वर्ज्य असल्याकारणाने, ज्या घरी त्या रात्री मटणाचे जेवण होते त्या घरी हा डबा कोशेर असूनही टेबलावर ठेवता येण्याजोगा नव्हता. आणि नेमकी ही सूचना देणारे अक्षरच त्या चिठ्ठीने झाकले होते.

‘काका, हे नाही चालणार,’ एवढेच तो म्हणाला. मग मधाची बरणी तेवढी वहिनींच्या हाती देऊन बाकीची टोपली त्याने उचलून दाराजवळच्या चपलांच्या फळीवर नेऊन ठेवली. त्याच्या नकाराविषयी माझी तक्रार नाही; चपलांच्या फळीविषयी आहे. आपल्या सासऱ्याच्या वयाच्या माणसाने आणलेली भेट अग्राह्य ठरली तरी ती घरात दुसरीकडे कोठे ठेवता आली असती, आणि ‘तुम्ही एवढी चौकशी केलीत, तुम्हाला फसवलं’ असे एखादे वाक्य बोलता आले असते. वहिनींनी ते ओळखले. ‘भावजी, तुम्ही बसा, चहा ठेवते,’ म्हणून त्यांनी मला बसविले, आणि मित्र मात्र वर्तमानपत्रात डोके घालून बसला, जणू काय घडले ते त्याने पाहिलेच नाही. लहानपणापासून माझ्या आईच्या हातचे लाडू मागून खाणाऱ्या या माणसाने त्या वेळी तोंड उघडावयास हवे होते, असे मला आजही वाटते.

जावयाच्या काटेकोरपणामागचे कारण मात्र मला मागाहून उमगले, आणि ते येथे सांगणे न्याय्य होईल. इस्राएल राज्याची स्थापना १९४८ साली झाल्यावर कोकणातून गेलेल्या या लोकांच्या यहुदीपणाविषयीच तेथील वरिष्ठ धर्मपीठाने शंका घेतली. त्यांचे विवाह इतर यहुदींशी लावण्यापूर्वी वंशावळी तपासाव्यात असे फर्मान निघाले. आणि जेरुसलेममध्ये धरणे धरून, दाद मागून, १९६४ साली आपण पूर्ण यहुदी आहोत ही मान्यता त्यांना मिळवावी लागली. ज्यांच्या आईबापांना धर्माचा दाखला द्यावा लागला, त्यांच्या मुलाने डब्यावरचा दाखला उजेडात धरून पाहिला तर त्यात नवल मानू नये. मात्र त्याचे सासरे, अलिबागेत वाढलेले, माझ्याकडच्या करंज्या अजूनही आनंदाने खातात. एकाच घरात, एकाच टेबलाशी, दोन निराळी प्रमाणे असू शकतात. म्हणून भेट नेणाऱ्याने आपल्या मित्राला न विचारता त्या टेबलाशी बसणाऱ्यांपैकी जो सर्वांत काटेकोर असेल त्यालाच, आधी, सरळ विचारावे. यात संकोच मानू नये. धर्मनिष्ठ यहुदी माणसाला हा प्रश्न सहसा आगाऊपणाचा वाटत नाही. न विचारता आणलेली वस्तू नाकारणेच त्याला अधिक अवघड जाते.

दुकानदाराकडे मी सण उलटल्यावर गेलो. आधी काउंटरवरचा तोच गृहस्थ म्हणाला, ‘साहेब, सगळ्यावर हिरवा ठिपका आहे ना? सगळं शाकाहारी आहे. मग अडचण काय?’ मग मालक बाहेर आले. कागदपत्रे दाखवा म्हटल्यावर त्यांनी एक छायाप्रत पुढे केली. ती होती परप्रांतातील एका मसाल्याच्या कारखान्याला निर्यातीसाठी मिळालेल्या दाखल्याची. तिच्यात टोपलीतील एकाही वस्तूचा उल्लेख नव्हता, आणि तिची मुदतही आदल्या वर्षीच संपलेली होती. मी पावती पुढे ठेवली. त्यावर मालक शांतपणे म्हणाले, ‘कोशेर हे आमच्या टोपलीचं नाव आहे. जसं दिवाळी टोपली, राखी टोपली, तशी ही कोशेर टोपली.’ पैसे परत मिळणार नाहीत, पुढील खरेदीवर सवलत देऊ, असेही वर सांगितले. मी ती सवलत घेतली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यान्वये दिशाभूल करणारी जाहिरात आणि सदोष माल यांविरुद्ध जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. तशी फिर्याद मी दाखल केली आहे, आणि पावती, सोललेल्या चिठ्ठ्या व त्या छायाप्रतीचे छायाचित्र ही सर्व कागदपत्रे रुजू केली आहेत. पावतीवर लिहून घेण्याचा माझा आग्रह ज्यांना तेव्हा अतिरेकी वाटला, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता त्या हिरव्या ठिपक्याविषयी, कारण आपल्या मराठी माणसांची सर्वांत मोठी गैरसमजूत तेथेच आहे. शाकाहारी ते निर्वेध, ही आपल्या अंगवळणी पडलेली समजूत यहुदी आहारधर्माला लागू पडत नाही. द्राक्षरसासारखी निरुपद्रवी वस्तू आपल्याला दुसरी दिसणार नाही. परंतु द्राक्षापासून केलेले मद्य, त्याचा शिर्का आणि साधा रससुद्धा यहुदी हातांनी व यहुदी देखरेखीखाली तयार झालेला असावा लागतो, कारण देवपूजेत मद्याचा नैवेद्य दाखविण्याच्या प्राचीन अन्यधर्मीय चालीपासून दूर राहण्याचा दंडक आजतागायत चालत आला आहे. चीजमधील विरजण वनस्पतिजन्य असले तरीही देखरेखीविना केलेले चीज काटेकोर घरात चालत नाही. भाजके बदाम कोणत्या तेलात, कोणत्या कढईत भाजले, त्या कढईत आधी काय तळले होते, हे पुडीवर कोठे लिहिलेले असते? शिजवलेल्या अन्नाच्या बाबतीत ते कोणी शिजविले यालाही महत्त्व आहे. म्हणून आपल्या घरच्या पुरणपोळ्या, कितीही सोवळ्याने केलेल्या असोत, काटेकोर पाहुण्याला देऊ नयेत. आणि त्याने नाकारल्या तर तो आपल्या स्वयंपाकघराचा अपमान समजू नये. माझ्या पत्नीला हे समजावताना मला पुष्कळ श्रम पडले.

मिठाईविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी पुष्कळांना ठाऊक नसते. बर्फीवरचा चांदीचा वर्ख पूर्वापार जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटीत असत. आता तसे करण्यास मनाई झालेली आहे. तथापि कोणत्या हलवायाचा वर्ख कोठून येतो याची हमी कोण देणार? पेढे, बर्फी, रसगुल्ले ही मंडळी तर दुधाची; मटणाच्या जेवणानंतर त्यांचा उपयोग नाही, आणि काही घरांत दूधदेखील यहुदी देखरेखीखाली काढलेलेच लागते. आमच्या वहिनी सारी पक्वान्ने नारळाच्या दुधात का करतात, हे मला इतक्या वर्षांनी कळले: मांसाहारानंतरही जी खाता येतील अशी, न दुधाची न मांसाची, ती असावयास हवीत.

खुणेसंबंधी जे मी शिकलो ते असे. अमेरिकेतील वर्तुळातले ‘यू’, वर्तुळातले ‘के’, ताऱ्यातले ‘के’, लंडनच्या धर्मन्यायसभेचे ‘केएलबीडी’ अशा नोंदलेल्या खुणा कारखानदाराच्या मूळ वेष्टणावर, त्याच छपाईत असतात. त्या दस्तऐवजावरच्या मोहरेसारख्या आहेत. मोहर कागदावर उमटलेली असते, कोणी मागाहून आणून चिकटविलेली नसते. नुसते सुटे ‘के’ हे अक्षर कोणीही छापू शकतो, त्यामागे कोण आहे हे विचारल्याशिवाय त्याचे मोल नाही. खुणेशेजारी ‘डी’ असेल तर दुग्धजन्य. ‘पारवे’ असे लिहिलेले असेल तर न दुधाचे न मांसाचे, आणि भेटीस सर्वांत सोयीचे. ‘पी’ असेल तर ते वल्हांडण सणासाठीही चालणारे. दुकानदार दाखल्याचा कागद दाखवील तर त्यावर चार गोष्टी वाचाव्यात: मालाचे नाव, कारखान्याचे नाव व ठिकाण, दाखला देणाऱ्याचे नाव, आणि मुदत. आपल्या देशातील अनेक कारखान्यांकडे चहा, मसाले, अर्क यांच्या निर्यातीसाठी असे दाखले असतात. परंतु त्या कारखान्याने तयार केलेला अमुक माल एवढ्यापुरतेच ते असतात, त्या दुकानातील प्रत्येक वस्तूला ते लागू नसतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींचे काम पुष्कळ सोपे आहे, तेथे साध्या वाणसामानाच्या दुकानातही असा छापील खुणेचा माल विपुल मिळतो. अडचण आहे ती मुंबई-पुण्याच्या माणसाची.

मुंबई-पुण्याच्या माणसाने म्हणूनच टोपलीच्या मोहात पडूच नये. अख्खी, न कापलेली ताजी फळे न्यावीत. आंबे, केळी, डाळिंबे, सोललेले नसलेले नारळ यांना कोणाचा दाखला लागत नाही, आणि बेने इस्राएलांच्या मलिद्याच्या ताटात, जे एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याच्या नावाने मांडतात, पोहे, गूळ, खोबरे यांच्या मलिद्याबरोबर फळेच मुख्य असतात. साधा, सुगंध न घातलेला चहा, साखर, अख्खे मसाले, सालासकट बदाम-अक्रोड हेही बहुतेक घरांत चालते. शुद्ध मध चालतो. मधमाशी स्वतः अभक्ष्य असूनही तिचा मध भक्ष्य आहे असा त्यांच्या धर्मशास्त्राचा प्राचीन निर्णय आहे, आणि सफरचंदाची फोड मधात बुडवून खाणे हा तर नववर्षाचा विधीच. सुके अंजीर शक्यतो टाळावेत, कारण आत किडा असण्याची शंका असते आणि प्रत्येक अंजीर फोडून पाहण्याचे काम आपण यजमानिणीवर टाकतो. बेदाणे मात्र अवश्य न्यावेत. शुक्रवारच्या सायंप्रार्थनेसाठी कोशेर मद्य दुर्मीळ असल्यामुळे बेने इस्राएल घरांत काळे मनुके पाण्यात भिजवून, उकळून, गाळून सरबत करण्याची जुनी चाल आहे. आमच्या वहिनी अजून तेच करतात. तासगावचे बेदाणे नेल्यास काटेकोर माणूस वाळविण्याआधी द्राक्षे कोणत्या तेलात बुडवली होती हेही विचारील. तेव्हा शेतकऱ्याला ते आधीच विचारून ठेवावे. मी ठेवतो.

मद्याची बाटली कोणी परदेशातून, योग्य त्या खुणेची, आणून दिलीच, तर ती आपल्या हाताने उघडून कोणाच्या पेल्यात ओतू नये. उकळून तयार केलेल्या विशिष्ट प्रकारच्या मद्याखेरीज इतर कोशेर मद्य अन्यधर्मीयाच्या हातून ओतले गेले तर काटेकोर यहुदी ते घेत नाही. ही गोष्ट कोणी आपल्याला सांगत नाही, आणि ऐन जेवणाच्या वेळी ती कळते तेव्हा दोन्ही बाजूंना लज्जित व्हावे लागते.

वेळही पाहावी. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ असतो. तेव्हा दार वाजवून पिशवी पुढे करू नये. भेट शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचावी. पुरीमच्या सणाला खाद्यवस्तूंची भेट पाठविण्याचा त्यांचाच धर्माचार आहे, निदान दोन प्रकारचे, तयार, लगेच खाता येतील असे पदार्थ. त्या दिवशी आपली फळांची परडी फार आनंदाने घेतली जाते. बाकी, वस्तू ताजी असावी, वेष्टण मोहरबंद असावे, किंमत डोळ्यांत भरणारी नसावी, हे सर्वत्रच लागू आहे.

वल्हांडण सणाविषयी सांगून थांबतो, कारण येत्या मार्च-एप्रिलात तो येईल आणि पुन्हा तेच दुकान तीच टोपली पुढे करील. त्या सणाच्या आठवड्यात घरात गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचा आंबलेला कणही राहू देत नाहीत. आधी कित्येक दिवस घराच्या कोपऱ्यान् कोपऱ्याची झाडलोट चालते, भांडी निराळी काढतात. बेने इस्राएल भात खातात; पूर्व युरोपातून आलेल्या अश्कनाझी घरांत तांदूळ व डाळीही वर्ज्य. अशा वेळी बिस्किटांचा डबा, केक, बिअर यांपैकी काहीही दारातून आत नेणे म्हणजे त्या बाईने पाठ मोडेपर्यंत केलेली झाडलोट वाया घालविणे होय. वर्षभर कोशेर असलेली वस्तूही त्या आठ दिवसांत चालेलच असे नाही. तेव्हा फुले न्यावीत, अथवा अख्खे नारळ, अथवा सण संपल्यावर जावे. मी यंदा संपल्यावरच जाणार आहे. जावई तोवर अश्दोदला परतलेला असेल, आणि माझ्या पत्नीने मित्रासाठी करंज्या करावयाचे आत्ताच ठरविले आहे.